आम्ल की आम्लारी? या चुका टाळा

सूत्राच्या सुरुवातीला एच दिसला की आम्ल, शेवटी ओएच दिसला की आम्लारी. ही पळवाट मुलांना कोण शिकवतं माहीत नाही, पण उत्तरपत्रिका तपासताना ती दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. मिथेनॉलमध्येही ओएच आहे, पण तो कार्बनला घट्ट धरून बसलेला असतो, पाण्यात सुटा होत नाही. मिथेनॉल आम्लारी नव्हे. सल्फ्युरिक आम्लाची रचना काढून पाहा, गंधकाला दोन ओएच जोडलेले दिसतील. बोरिक आम्लात तर तीन. ते पाण्यातला हायड्रॉक्साइड, म्हणजे ओएच आयन, स्वतःकडे ओढून घेतं आणि पाण्याचा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, मोकळा होतो, म्हणून आम्ल. अमोनियात ओएच नाहीच, तरी तो आम्लारी, कारण तो पाण्याकडून प्रोटॉन घेतो. ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये मांडलेली व्याख्या हीच: प्रोटॉन देतं ते आम्ल, घेतं ते आम्लारी. मी तरी सूत्र बघून उत्तर देत नाही. संयुग पाण्यात गेल्यावर काय होतं, ते समीकरण आधी लिहिते.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘क्षार म्हणजे उदासीन’. एका प्रात्यक्षिकानंतर उरलेली द्रावणं गोळा करताना एका मुलाने फेरिक क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट एकाच बाटलीत ओतलं. दोन्ही क्षारच तर आहेत, असा त्याचा हिशोब. वर बूचही घट्ट लावलं. आत तपकिरी साका धरला, फेस चढला आणि बूच उडून छताला लागलं. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे होते म्हणून निभावलं. फेरिक क्लोराइडचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं आणि सोडियम कार्बोनेटचं आम्लारीधर्मी; दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटणारच.

क्षार दिसला की मी वहीत त्याचे आईबाप, म्हणजे तो ज्या आम्ल-आम्लारीपासून बनतो ते, लिहिते. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र, फेरिक हायड्रॉक्साइड सौम्य, म्हणून फेरिक क्लोराइड आम्लाकडे झुकतं. अमोनियम क्लोराइडचंही तसंच. सोडियम कार्बोनेटमध्ये आम्लारी तीव्र, आम्ल सौम्य, म्हणून उलट. दोन्ही बाजू तीव्र असल्या, जसं सोडियम क्लोराइडमध्ये, तर उदासीन. एवढं लिहायलाही ज्यांना वेळ नाही, त्यांनी द्रावणं एकत्र ओतू नयेत.

‘तीव्र’ (पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटित होणारं) आणि ‘संहत’ (ज्यात पाणी कमी आहे असं) यांची गल्लत नको. आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी असंही नव्हे: हायड्रोफ्लोरिक हे सौम्य आम्ल, पण कातडीतून आत उतरून हाडापर्यंत इजा करतं.

अधातूचं प्रत्येक ऑक्साइड आम्लधर्मी नसतं: कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड उदासीन आहेत. झिंक आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करणारी.

सामू (पीएच) ७ म्हणजे उदासीन, हे २५ अंश सेल्सिअसपुरतं. १०० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू ६.१ च्या आसपास येतो, तरी ते उदासीनच असतं.

आणि वायू तपासताना लिटमस ओला करा. कोरडा हायड्रोजन क्लोराइड कोरड्या निळ्या लिटमसचा रंग बदलत नाही.