हुतात्मा चौकात कसं जायचं आणि तिथे काय बघायचं

आता सगळ्यात सोपी मेट्रो. ॲक्वा लाईन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि चौकाला स्वतःचं स्टेशन मिळालं. घाटकोपर-अंधेरीवाल्यांनी मरोळ नाक्याला लाईन बदलायची की झालं. याच लाईनवर वरळीकडे आचार्य अत्रे चौक स्टेशनही आहे, संयुक्त महाराष्ट्रासाठी सभा गाजवणारे अत्रे आणि त्याच लढ्यातले हुतात्मे एका मार्गावर आले याचा मला खरंच आनंद आहे.

वेस्टर्नने येणार असाल तर चर्चगेटला उतरून वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला चालत सुटा, उजवीकडे ओव्हल मैदान आणि राजाबाई टॉवर दिसतो, दहाएक मिनिटांत पोचता. सेंट्रल, हार्बरवाल्यांनी सीएसएमटीवरून डी. एन. रोड पकडायचा, तिथला फुटपाथ बराचसा इमारतींच्या कमानींखालून जातो त्यामुळे पावसातही फार भिजायला होत नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं फाउंटन म्हटलं तरी कळतं.

पोचलात की आधी जमीन समजून घ्या. जुन्या फोर्टचा चर्चगेट हा दरवाजा इथेच होता, स्टेशनचं नाव त्यावरून पडलं. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली आणि १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, खरं तर ते भायखळ्याच्या राणीबागेसाठी ठरलं होतं! पुढे ट्रामही इथून धावायची, काही वर्षांपूर्वी कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी खोदताना तिचे जुने रूळ सापडले.

पण बरेच लोक कारंज्याचा फोटो काढून निघून जातात आणि शेजारचं स्मारक राहूनच जातं, तसं करू नका. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार नीट बघा. मुंबई महाराष्ट्रातच हवी म्हणून २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे मोर्चा आला, पोलिसांनी गोळीबार केला, १५ जण गेले. पूर्ण लढ्यात शंभरावर माणसं गेली तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह राज्य झालं. मुलांना नेलंत तर हे तिथेच उभं राहून सांगा, पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

निवांत बघायचं तर रविवारी सकाळी जा, ऑफिसं बंद असतात. १ मे आणि २१ नोव्हेंबरला अभिवादनाचा कार्यक्रम असतो, बंदोबस्तही असतो, तेव्हा गाडी घेऊन जाऊ नका.