चाळिशी उलटल्यावर परत नदीवर गळ टाकायचा असेल तर

पहिलं काम, मोबाईलवर रॉड-रील बघणं बंद करा. लहानपणी वेळूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि दोन गळ एवढ्यावर कृष्णा, वारणा, पंचगंगा, भीमा कुठेतरी उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेल्या आणि मग नोकरी, लग्न, पोरांच्या शाळा, घराचे हप्ते यात पंधरा-वीस वर्षं नदीकडे न फिरकलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. अशा माणसाला पहिली खाज सुटते ती सामान घ्यायची, कारण आता खिशात पैसे असतात. पण सामान काय, चार दिवसात कुरिअरनी येतं. नदी मधल्या काळात पार बदललीय, आणि ती नीट बघितल्याशिवाय काय घ्यायचं हेच कळत नाही.

म्हणून पहिल्या एक-दोन वेळा रिकाम्या हाताने जा. सकाळी उजाडताना जा, दहा वाजता जाऊन काही दिसत नाही. तुमच्या जुन्या जागेच्या वर किंवा खाली आता कोल्हापूर पद्धतीचा बंधारा झालाय का बघा, झाला असेल तर तिथलं सगळं गणित त्या बंधाऱ्याच्या बरग्यांवर, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत बसवतात त्या फळ्यांवर, चालतं. पावसाळा संपला की बरगे टाकतात, पाणी तुंबतं, वरच्या अंगाला तळ्यासारखं संथ होतं आणि मासा पसरतो. बरगे काढले की पाणी उतरतं आणि मासा डोहात गोळा होतो. वळणावर बाहेरची बाजू खोल आणि आतल्या बाजूला वाळू-गाळ साठलेला, हे पूर्वीही होतं आणि आजही आहे, फक्त वाळू उपशामुळे कुठे कुठे मध्येच खड्डे झालेत जे वरून दिसत नाहीत. पाणकावळे एकाच ठिकाणी सारखे बुड्या मारत असतील तर तिथे बारीक मासळी आहे आणि बारीक मासळीच्या मागे मोठा असतोच. बुडबुड्यांची रांग हळूहळू सरकताना दिसली तर तळाला कोणीतरी गाळ उकरत चरतंय समजा. जलपर्णी कुठल्या काठाला लागते तेही बघून ठेवा, वारा फिरला की ती सगळी तुमच्या अंगावर येते आणि मग दिवस गेला.

आणि तिथे जाळं लावणारे भोई असतील तर त्यांच्याशी बोला. राम राम घाला, काका-मामा म्हणा, चहा पाजा. दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते हा माणूस बिडी ओढता ओढता सांगतो, कुठे खडक आहे, कुठे बुडालेलं झाड आहे, हल्ली काय लागतंय. त्यांच्या जाळ्यावरून मात्र कधी दोरा टाकू नका, त्यांचं पोट आहे ते.

आता कुठला मासा आणि कुठल्या खोलीला, इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. कटला, रोहू, मृगळ हे तिघं मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या पट्ट्यातले, आपल्याकडे धरणांत बीज सोडून सोडून पसरले. तिघांची तोंडं बघितली की कळतं कोण कुठे खातो. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाला. म्हणजे तुम्ही शिसं लावून आमिष तळाला बसवलंत आणि कटल्याची वाट बघत बसलात तर बसा संध्याकाळपर्यंत. कटल्याला तरंगा लावून आमिष वरच लटकवायचं, मृगळाला तळाला, रोहूला मध्ये आणि तळाला दोन्हीकडे करून बघायचं.

या तिघांना पिठाचं आमिष चालतं. कणिक, त्यात शेंगदाण्याची पेंड बारीक करून, थोडी भाजलेली बडीशेप नाहीतर चिमूटभर हिंग, आणि घट्ट मळायचं. पाण्यात सुटून जातं अशी तक्रार असते त्याला उपाय म्हणजे कापूस पिंजून कणकेतच मळायचा, मग गोळा गळावर धरून राहतो. कोंडा, पेंड आणि ओल्या मातीचे गोळे करून आधी एका जागी टाकून ठेवले की मासा त्या जागेला येतो, पण चारा टाकल्यावर धीर लागतो, पाच मिनिटांनी जागा बदलायची सवय असेल तर चारा वाया. गांडूळ हे अजूनही राजा आमिष. वाम आणि शिंगाळा तिन्हीसांजेनंतर तळाला गांडुळावर येतात. चिलापी (तिलापिया) दिवसभर येते. चिलापी १९५२ साली भारतात बाहेरून आणलेली, आता इतकी झालीय की काही ठिकाणी दुसरं काही लागतच नाही, पण मी तरी म्हणेन सुरुवातीला चिलापीच धरा, सारखी ओढ लागत राहते आणि हाताला सवय परत येते. मोठ्या माशाच्या मागे पहिल्याच दिवशी लागू नका.

मरळीचं वेगळं आहे. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं त्यामुळे ती कुठे आहे ते दिसतं, काठच्या वेलींत, गवतात. तिला रबरी बेडूक ओढत आणला की हल्ला करते, आणि हा खेळ एकदा बघितला की माणूस वेडा होतो हे खरं. पण पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका हलताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. आईबाप खालीच राखणीला असतात, जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात, म्हणून ती सहज लागते आणि मग पिल्लं दोन दिवसात दुसऱ्यांच्या पोटात. असली मरळ धरण्यात कसलीही कला नाही.

आता सामान. घरी जुना रॉड माळ्यावर असेल तर तो आधी काढा. रॉडवरच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा, कापसाचे तंतू अडकले तर त्या कडीला चीर आहे आणि ती दोरा कापणार, कडी बदलून घ्या. रील उघडून आतलं वाळलेलं ग्रीस रॉकेलनी पुसा, नवीन ग्रीस गिअरला आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फिरत्या भागांना. जुना तंगूस मात्र सरळ फेका (नदीत नाही, तुकडे करून कचऱ्यात), कितीही चांगला दिसला तरी तो आतून कुजलेला असतो.

नवीन घ्यायचाच तर सात-आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवरचा रॉड आणि ३००० ते ४००० साईजचं स्पिनिंग रील, त्यावर १५ पाउंडाचा साधा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोरा. एवढ्यात नदीवरची बहुतेक कामं होतात. ब्रेडेड (विणलेला) दोरा सगळे सांगतात, तो मरळीसाठी वेलींतून ओढायला चांगलाच आहे, पण तो अजिबात ताणला जात नाही त्यामुळे हात बसलेला नसताना मोठा मासा लागला की गळ तोंडातून फाडून निघतो, म्हणून सुरुवातीला मोनो. गळ ६ ते १० नंबरचे घ्या, नंबर वाढला की गळ लहान होतो हे लक्षात ठेवा. ड्रॅग, म्हणजे ओढ जास्त झाली की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, कसा लावायचा तर दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव भाग. १५ पाउंड म्हणजे पावणेसात किलो, तर दीड-पावणेदोन किलोच्या ओढीला रील सुटलं पाहिजे. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो तो दोऱ्याला अडकवून ओढून बघा, अंदाजाने लावू नका.

आता वयाचा विषय, जो कोणी बोलत नाही. चाळिशीचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवून न्या. गळाच्या नाकात दोरा ओवणं हे विसाव्या वर्षी न बघता व्हायचं, आता संध्याकाळच्या उजेडात होत नाही म्हणजे नाही. यावर उपाय म्हणजे घरीच टेबलावर बसून दहा-बारा गळांना हात-दीड हात दोरा बांधून ठेवायचा, नदीवर फक्त स्विव्हलला (मुख्य दोऱ्याच्या टोकाच्या फिरत्या कडीला) अडकवायचा. गाठ पालोमारच शिका, सोपी आहे आणि मजबूत आहे, फक्त आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली की दोरा तापून कमजोर होतो. उकिडवं बसायचा हट्ट सोडा, घडीची खुर्ची न्या, गुडघे दुसऱ्या दिवशी आभार मानतील. खांदा धरत असेल तर डोक्यावरून पूर्ण ताकदीने फेकू नका. मासा बहुतेक वेळा काठापासून वीस-पंचवीस फुटांतच असतो, लांब फेकायची हौस आपली असते, माशाची नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डबा आणि पाणी घेऊन जा, आणि एकटे जाऊ नका. शेवाळलेल्या घाटावर नवी रबरी चप्पलही घसरते.

धोक्याच्या तीन गोष्टी मात्र नीट वाचा. एक, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. कृष्णाकाठी जागोजागी शेतीच्या मोटारी आणि जॅकवेल (पाणी उपसायच्या विहिरी) आहेत, त्यांच्या तारा काठावरूनच गेलेल्या असतात, रॉड उभा धरून त्यांच्याखालून चालू नका आणि फेकायच्या आधी वर आणि मागे बघा. वळवाचे ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून सरळ निघा. दोन, धरणाखालची नदी. वरून पाणी सोडलं की ऊन पडलेलं असतानाही पातळी चढते, भोंगा ऐकू आला किंवा पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा वाहून यायला लागला की मधल्या खडकावरून आधी काठावर या, सामान राहिलं तर राहू दे. तीन, मगर. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेत. तिथे पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, पाण्याच्या कडेला मासे साफ करायचे नाहीत, धरलेला मासा पिशवीत घालून पाण्यात लटकवायचा नाही. अंधार पडायच्या आत घरी.

मासा सोडणार असाल तर हात ओले करून धरा, कल्ल्यात बोटं घालू नका, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकलात तर गळ झटकन निघतो. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्याला सांभाळा, लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा. आफ्रिकन मांगूर लागला तर तो परत सोडू नका, त्याच्या पालनावर २००० सालापासून देशात बंदी आहे आणि तो आपल्या नदीतली बाकीची मासळी खाऊन टाकतो. खडस (महसीर) लागला तर मात्र फोटो काढून लगेच सोडा. आणि मोठ्या शहराच्या खालच्या अंगाला धरलेला मासा, उदाहरणार्थ पुण्याच्या खाली मुळा-मुठेचा, कितीही चांगला दिसला तरी खाऊ नका.

परवानगीचं थोडक्यात. धरणाचे जलाशय आणि बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तिथे गळ टाकायच्या आधी संस्थेत विचारा, बऱ्याच ठिकाणी थोडी फी घेऊन बसू देतात. अभयारण्यात नाही म्हणजे नाही. देवळाच्या घाटावरचे देवाचे मासे, जसे महाडजवळ वाळणकोंडीचे, त्यांच्याकडे फक्त कुरमुरे टाकायचे. आणि जून ते ऑगस्ट मासा अंडी घालायला चढणीला लागतो, तेव्हा पोटाने जड मादी काढू नका. पूर असतो, मग श्रावण येतो, घरात तसंही कोणी शिजवणार नाही. सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, पाणी निवळलेलं असतं आणि ऊन सोसवतं.

घरी आल्यावर रील साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, धो धो नळाखाली धरू नका, आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या चिकटून बसतात. शर्टाचे खिसे तपासूनच शर्ट धुवायला टाका, वॉशिंग मशीनमध्ये गळ गेला तर पुढच्या वेळची परवानगी कुठलीही संस्था देऊ शकत नाही.