फर्नेस पेटते आणि लगेच विझते?
गॅस फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, पेटून काही सेकंदांतच विझत असेल, तर आधी फ्लेम सेन्सर बघा. बर्नरच्या ज्योतीत असलेली ही बारीक धातूची सळई. तिच्यावर नुसता पातळ थर साचला, तरी कंट्रोल बोर्डाला, म्हणजे फर्नेस चालवणाऱ्या सर्किटला, ज्योत कळत नाही आणि तो गॅस तोडतो. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून फर्नेस निवू द्या. सेन्सरचा स्क्रू काढा, सळई बारीक स्टील वूलने (पोलादी तंतूंच्या बोळ्याने) हलक्या हाताने घासून पुसा. जवळच्या इग्नायटरला (गॅस पेटवणाऱ्या भागाला) बोटही लावू नका, तो फार ठिसूळ असतो. फर्नेस थोडा वेळ चालून बंद पडत असेल, तर हवेचा फिल्टर धुळीने गच्च झालाय का पाहा.

गॅसचा वास आला तर मात्र कुठल्याही बटणाला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा, गॅस कंपनीला फोन बाहेरूनच करा.