राळ्यांचा बिसीबेळे भात: एका कुकरात पूर्ण जेवण

कन्नडमध्ये ‘बिसी’ म्हणजे गरम आणि ‘बेळे’ म्हणजे डाळ. उरलेला शब्द आपल्या ओळखीचाच आहे. या पदार्थाचे जुने घरगुती नाव ‘बिसी बेळे हुळी अन्न’ असे असून त्यातल्या ‘हुळी’ या शब्दाने चिंचेच्या आंबटपणाची नोंद केलेली आहे. बंगळूर-म्हैसूरकडच्या घरांतून तो तांदळाचाच होतो, पण तांदळाऐवजी राळे घातले तरी पदार्थाचा स्वभाव बदलत नाही. कर्नाटकात या बारीक भरडधान्यांना ‘सिरिधान्य’ म्हणतात आणि राळ्यांना ‘नवणे’. महाराष्ट्रातही राळे नवे नाहीत, कारण भोगीच्या दिवशी राळ्यांचा भात करण्याची रीत आपल्या काही भागांत अजून पाळली जाते. वर्षातून एकदाच आणलेले ते धान्य डब्यात पडून राहत असेल, तर त्याचा हा चांगला उपयोग आहे.

हा पदार्थ राळ्यांना विशेष मानवतो. भरडधान्याचा मोकळा, फडफडीत भात करायला गेल्यास तो घशाशी कोरडा लागतो आणि घरातली मंडळी पुन्हा तांदळाची मागणी करतात. बिसीबेळे भात मात्र मुळातच आसट, डाळीत मुरलेला आणि पळीवाढा असावा लागतो, त्यामुळे राळ्यांची पाणी ओढून घेण्याची खोड येथे दोष न ठरता उपयोगी पडते. पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी जमते. राळ्यांत 100 ग्रॅममागे सुमारे 12 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पांढऱ्या तांदळापेक्षा बरीच अधिक. पण सर्व तृणधान्यांप्रमाणे त्यांच्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते तूरडाळ पुरवते, आणि डाळीत कमी असलेले मेथिओनिन धान्याकडून मिळते.

चार माणसांसाठी 200 मिलीलिटरच्या वाटीने एक वाटी राळे आणि पाऊण वाटी तूरडाळ घ्यावी. डाळ कमी करू नये, कारण नावात डाळच आहे. राळे घेताना फार पांढरे, चकचकीत दाणे टाळून किंचित पिवळसर दाणे निवडावेत. त्यांच्यावरचा कोंडा शिल्लक असतो. मात्र त्या कोंड्यातल्या तेलामुळे ते लवकर खवट होतात, म्हणून थोडेच आणावेत आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावेत. धुताना नुसते पाणी ओतून काढणे पुरेसे नाही. या बारीक धान्यात वाळूचे कण हमखास असतात, तेव्हा परातीत पाणी घेऊन राळे दोनतीनदा रोळून घ्यावेत. ही पायरी गाळली, तर पुढची सगळी मेहनत पहिल्याच घासाला वाया जाते.

डाळ धुऊन तासभर गरम पाण्यात आणि राळे वेगळ्या भांड्यात अर्धा तास साध्या पाण्यात भिजवावेत. राळे लवकर शिजतात, डाळ सावकाश. हे अंतर भिजवण्यातच भरून काढले, म्हणजे दोन्ही एकाच वेळी कुकरात घालता येतात. काही जण राळे आधी कोरडे भाजून घेतात. त्याने दाणे सुटे राहतात, आणि येथे नेमके तेच नको आहे, म्हणून मी भाजत नाही.

तोवर मसाला करावा. तयार पुड्या मिळतात आणि त्यांनी काम भागते, पण या पदार्थाचा जीव ताज्या मसाल्यात आहे. दोन मोठे चमचे धने, एकेक मोठा चमचा हरभराडाळ आणि उडीदडाळ, पाव लहान चमचा मेथी, सहा ते आठ ब्याडगी मिरच्या, इंचभर दालचिनी, चार लवंगा, एक लहान चमचा खसखस आणि दोन मोठे चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस एवढे साहित्य लागते. डाळी थेंबभर तुपावर मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजाव्यात, मग धने, मेथी व गरम मसाले, त्यानंतर मिरच्या आणि शेवटी खसखस व खोबरे घालावे. मेथी काळी पडली तर सारा मसाला कडू होतो. ब्याडगी मिरचीचा आग्रह तिखटासाठी नसून रंगासाठी आहे. अस्सल मसाल्यात ‘मराठी मोग्गू’ नावाच्या लवंगेसारख्या दिसणाऱ्या, पण आकाराने मोठ्या वाळक्या कळ्याही पडतात. गंमत अशी की नावात मराठी असूनही आपल्या बहुतेक घरांच्या मसाल्याच्या डब्यात त्या सापडत नाहीत. मिळाल्या तर दोन घालाव्यात, न मिळाल्यास दगडफुलाचा लहानसा तुकडा घालून पुढे जावे. सगळे थंड झाल्यावर किंचित भरड दळावे.

आता पाच लिटरच्या कुकरात निथळलेली डाळ, राळे, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, हळद, चमचाभर तेल आणि दोन वाट्या भाज्या घालाव्यात. फरसबी, गाजर, नवलकोल आणि मटार ही नेहमीची निवड आहे; फोडी मोठ्या ठेवाव्यात, नाहीतर त्या भातात विरघळून जातात. यात सहा वाट्या पाणी ओतावे. हे प्रमाण पाहून हात आखडतो, पण तो आखडू देऊ नये. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून दहा ते बारा मिनिटे शिजवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

चिंच मात्र अजून घालायची नाही. आंबटाच्या संगतीत डाळ आणि भाज्या दोन्ही शिजायला नाखूष असतात, त्यामुळे चिंच आधी पडली तर डाळ कितीही शिट्ट्यांनंतर कणीदार राहते. लहान लिंबाएवढी चिंच वाटीभर गरम पाण्यात भिजवून तिचा कोळ काढावा आणि त्यातच तीन मोठे चमचे मसाला, दोन लहान चमचे मीठ व सुपारीएवढा गूळ कालवून ठेवावा. मसाला असा आधी कालवला म्हणजे भातात गुठळ्या होत नाहीत. कुकर उघडल्यावर डाळ पळीच्या पाठीने हलकेच घोटावी, भाज्या मोडू देऊ नयेत, आणि हे मिश्रण ओतून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे. चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत आच बंद करू नये. या वेळी तळ सारखा ढवळावा लागतो, कारण राळे खाली लागतात, आणि रटरटताना अंगावर उडतातही.

बहुतेकांचा अंदाज चुकतो तो येथेच. चुलीवर हवा तेवढा घट्ट दिसणारा भात ताटात येईपर्यंत गोळा झालेला असतो, कारण राळे आच बंद झाल्यावरही तांदळापेक्षा अधिक पाणी पीत राहतात. म्हणून उतरवताना तो आमटीहून थोडा दाट, म्हणजे जरा पातळच वाटेल असा ठेवावा. सैल करायची वेळ आली तर उकळते पाणीच घालावे; गार पाण्याने चव वेगळी पडते आणि पाणी भातात मिसळतच नाही.

दोन मोठे चमचे तूप तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची आणि काजूचे तुकडे यांची फोडणी वरून ओतावी. तुपाच्या बाबतीत कंजूषी केली तर पदार्थ पौष्टिक राहतो, पण बिसीबेळे राहत नाही. कांदा घालायचा असल्यास सांबारचे लहान कांदे या तुपातच आधी परतून घ्यावेत. अनेक घरांत तो वर्ज्य असतो आणि त्यावाचून चवीत उणीव जाणवत नाही.

राळ्यांऐवजी उपवासाची वरी वापरता येते. ती अधिक लवकर मऊ होत असल्याने भिजवण्याचा वेळ निम्मा करावा आणि पाणी अर्धी वाटी कमी घालावे. कोद्रा किंचित टणक असतो, त्याला तासभर भिजू द्यावे.

वाढताना सोबत खारी बुंदी किंवा बटाट्याचे चुरचुरीत काप आणि काकडीची कोशिंबीर असावी. बुंदी प्रत्येकाने आपल्या ताटात, खाण्याच्या क्षणी घालावी. उरलेला भात दुसऱ्या दिवशी वडीसारखा थिजलेला दिसेल; त्यात वाटीभर उकळते पाणी आणि चिमूटभर मसाला घालून झाकणाखाली मंद आचेवर ठेवला की तो पुन्हा पळीने वाढण्याजोगा होतो.