महिला हँडबॉल क्लब काढणाऱ्यांनो, कबूल झालेला पैसा जमेत धरू नका

गेल्या महिन्यात सुरतेहून एका मुलीचा फोन आला. "ताई, चौदा मुली आहेत, कोच आहे, ग्राउंडही मिळालंय. आता पुढे काय करू?" मी विचारलं, बँकेत किती आहेत? ती म्हणाली, "एकांनी पाच लाख कबूल केलेत." त्यानंतर तासभर मी तिच्याशी बोलत होते. मध्ये एकदा आवाज चढला, त्याबद्दल तिची माफीही मागितली. तिला सांगितलं तेच इथे लिहून काढते, कारण असा फोन वर्षातून चार-पाचदा येतो आणि 'कबूल केलेत' हे त्यात असतंच.

मी वडोदऱ्याची. विद्यापीठाच्या संघात लेफ्ट विंगला खेळले, गुडघा गेला, मग २०२१ च्या जूनमध्ये आम्ही तिघींनी मुलींच्या क्लबसाठी ट्रस्ट नोंदवला. बचाव कसा उभा करायचा, पिव्होटला बॉल कसा पोचवायचा हे सांगत बसत नाही. ते येतं म्हणूनच तुम्ही क्लब काढायला निघालात.

सुरुवात चांगली झाली. मांजलपूर, मकरपुरा, वाडी, जिथून जमेल तिथून मुली यायच्या. सकाळी सहा ते आठ, सिमेंटचं कोर्ट. पडलं की कोपर सोललंच. दोन वर्षांत आम्ही आसपासच्या स्पर्धांत उपांत्य फेरीपर्यंत जायला लागलो, आणि मला व्यावसायिक क्लबची स्वप्नं पडायला लागली. जून २०२३ मध्ये नॉर्वेच्या वायपर्स क्रिस्तियानसान या क्लबने बुडापेस्टला सलग तिसऱ्यांदा युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली, तो सामना आम्ही बारा जणींनी एका मोबाईलवर डोकी भिडवून पाहिला होता. गोलात कात्रिने लुंडे. क्रिस्तियानसान हे तिचं स्वतःचं गाव. गावातली मुलगी गावाच्या क्लबला युरोपात पहिलं आणते, हे पाहून मला वाटलं, आपणही करू.

वडोदऱ्याच्या मराठी घरांत खेळाबद्दल एक समजूत मुरलेली आहे. माझे आजोबा दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, तिथल्या प्रोफेसर माणिकरावांचं नाव घरात देवासारखं घेतलं जायचं. आखाड्यात निष्ठा हवी, पैशाची गोष्ट काढायची नाही, असं आजोबा सांगत. मला ते आजही पटतं, पण आखाड्यापुरतं. एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तुम्ही महिन्याला तीन हजार देतो म्हणालात आणि त्या शब्दावर तिने शिकवणीची नोकरी सोडली, की तुम्ही आखाडा चालवत नाही. तुमच्या शब्दावर एका घराचं किराणा चालतं. हे मला उशिरा कळलं.

आता मी जिथे अडकले ते. इथे लांबण लागेल, लागू दे.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीचे साहेब आमचा सामना पाहायला आले. खूश झाले. म्हणाले, "बेन, वर्षाचे बारा लाख आपल्याकडून समजा. फक्त जर्सीवर आमचं नाव मोठं येऊ द्या." मी 'समजा' हा शब्द ऐकलाच नाही, बारा लाख ऐकले. त्याच आठवड्यात लाकडी फरशीचा हॉल महिन्याच्या भाड्याने घेतला, पंधरा मुलींना दरमहा तीन हजार मानधन जाहीर केलं, कोचला पूर्णवेळ केलं आणि जर्सी छापल्या. पुढे-मागे, दोन्हीकडे कंपनीचं नाव. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी गेले. साहेब फोन उचलायचे, "प्रोसेसमध्ये आहे" म्हणायचे. मार्चमध्ये त्यांच्या सीएसआर विभागातून, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा पैसा सांभाळणाऱ्या विभागातून, फोन आला: कागदपत्रं पाठवा.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, आणि महिलांचं हँडबॉल १९७६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. म्हणून जो तो तुम्हाला सांगतो, "सीएसआरमधून मिळतं की!" खरं आहे, मिळतं. पण दारात तीन कुलपं आहेत आणि तिन्ही आम्हाला लागली.

तुमच्या ट्रस्टला आयकराची १२-ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०-जी (देणगी देणाऱ्याला करसवलत) ही दोन्ही नोंदणी हवी, शिवाय सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय चालत नाही. आम्ही १२-ए केलंच नव्हतं, "करू निवांत" म्हणत राहिलो. मग, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. आम्हाला तीन वर्षांना तीन महिने कमी होते. आणि तिसरं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं: कंपनीने जाहिरातीच्या फायद्यासाठी प्रायोजकत्व म्हणून दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरलाच जात नाही. म्हणजे साहेबांना जर्सीवर जे मोठं नाव हवं होतं, नेमक्या त्याच नावामुळे तो पैसा सीएसआरच्या खात्यातून निघू शकत नव्हता. निघायचा तर जाहिरातीच्या बजेटमधून, आणि त्या विभागाला आमचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

हे पुन्हा सांगते, कारण इथेच सगळे गोंधळतात. सीएसआर वेगळं, प्रायोजकत्व वेगळं. पैसे देणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा: हे कोणत्या खात्यातून? उत्तर 'सीएसआर' असेल तर जर्सीचा विषय काढू नका, कागदं काढा. उत्तर 'जाहिरात' असेल तर लेखी करार करा, हप्त्यांच्या तारखांसकट. उत्तर 'ते बघू' असेल तर चहा पिऊन नमस्कार करून या, आणि त्या दिवशी कुणालाही काही जाहीर करू नका.

त्या साहेबांनी फसवलं नाही. मनापासून बोलले होते, त्यांना स्वतःच्याच ऑफिसचा नियम माहीत नव्हता. शब्द मी दिला होता, पंधरा घरांना. तीन महिन्यांचं मानधन एक लाख पस्तीस हजार थकलं. हॉलची अनामत वेगळीच गेली, कारण पकड बसावी म्हणून बॉलला लावायचं चिकट रेझिन फरशीवर पसरलं आणि घासून निघेना. (हॉल घेताना रेझिनचं आधी बोला. तेवढं केलं तरी माझ्यापेक्षा पुढे राहाल.) मी एफडी मोडून कोचचे पैसे दिले, मुलींना कोर्टवरच बसवून खरं सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही. गोलकीपर एवढंच म्हणाली, "ताई, आधी सांगितलं असतं तर मी शिकवणी सोडली नसती." दुसऱ्या दिवसापासून ती यायची थांबली.

मला वाटायचं, हे आपल्या गरिबीमुळे. मोठ्या क्लबांचं असं होत नसेल. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की वायपर्स दिवाळखोरीच्या काठावर आहे. शेवटच्या घटकेला पैसे उभे राहिले, आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, क्लब दिवाळखोरीत गेला. २०२१, २०२२, २०२३, सलग तीनदा युरोपचा विजेता! खेळाडूंना भर हंगामात दुसरे क्लब शोधावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीच्या लुडविग्सबुर्गने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो क्लब तेव्हा जर्मनीचा विजेता होता, आणि वर्षभरापूर्वी, बीटिगहाइम या नावाने, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात खेळला होता. महिला क्लबांना तिकिटांचा आणि टीव्हीचा पैसा तिथेही तुटपुंजा, भार प्रायोजकांवर. संघ वर चढतो तसा पगार, प्रवास, हॉल यांचा खर्च लगेच चढतो, उत्पन्न मागून येतं किंवा येतच नाही. म्हणून चांगला हंगाम जास्त धोक्याचा. हरत होतो तेव्हा आमच्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं.

ओघात दोन गोष्टी बोलते, पटल्या नाहीत तर सोडून द्या. स्पर्धेपुरत्या बाहेरून मुली आणून ट्रॉफी जिंकू नका. ट्रॉफी कपाटात राहते आणि वर्षभर पहाटे येणारी तुमची मुलगी बाकावर बसून घरी जाते, ती परत येत नाही. आणि मार्गदर्शक निवडताना माजी खेळाडूंच्या मागे फार लागू नका. मला चार नामवंतांनी सांगितलं, "आधी जर्सी छापा, पैसा येतो." मला वाचवलं ते दांडिया बाजारातल्या एका सीए काकांनी, ज्यांनी आयुष्यात हँडबॉल पाहिलं नव्हतं. त्यांनी वहीत तीन रकाने आखून दिले: बँकेत आलेले, लेखी करार झालेले, तोंडी. मानधन फक्त पहिल्या रकान्यातून, आणि तेही सहा महिन्यांचं बाजूला काढून मगच जाहीर करायचं. तिसरा रकाना पेन्सिलीने लिहायचा.

एवढं वाचून घाबरला असाल तर तसं नको. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या मोरसिंगी या खेड्यातल्या हँडबॉल नर्सरीतून, म्हणजे मुलींच्या प्रशिक्षण केंद्रातून, देशाच्या संघापर्यंत मुली गेल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये आपल्या ज्युनियर मुलींनी अल्माटीला आशियाई विजेतेपद जिंकलं, शेवटच्या सामन्यात थायलंडला ४१-१८ असं हरवून. रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी मिळते, आमच्या दोघी त्या तयारीत आहेत. डिसेंबर २०२४ ची महिलांची आशियाई स्पर्धा दिल्लीत होती. आम्ही सहा जणी स्लीपरने गेलो आणि जपानने कोरियाला एका गोलने, २५-२४, हरवलेलं डोळ्यांनी पाहिलं. परतीच्या गाडीत रतलामपर्यंत कुणी झोपलं नाही. क्लब काढाच. छोटा काढा, सिमेंटवर काढा, पण १२-ए आणि ८०-जी पहिल्याच वर्षी करा, म्हणजे तीन वर्षं भरतील तेव्हा तुमचे कागद तयार असतील.

आमचे आता तयार आहेत. हॉल सोडला, परत सिमेंटवर आहोत. मानधन सहाच मुलींना आहे. थकलेले पैसे फेडायला सव्वा वर्ष लागलं. गोलकीपरचे नऊ हजार मी तिच्या घरी नेऊन दिले, तेव्हा तिच्या आईने चहा केला, फार बोलल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात ती स्वतःहून कोर्टवर आली. आता रविवारी छोट्या मुलींना गोलात उभं राहायला शिकवते. त्याचे तिला महिन्याला दीड हजार मिळतात, एक तारखेला.