अर्धवर्तुळातला काटकोन : खडू, सुतळी आणि थेलीस

भूमितीत 'सिद्ध करा' आलं की पोरांना घाम फुटतो, माझ्या भाचीचंही तेच, म्हणून परवा सकाळी तिला गंगेवर घेऊन गेलो, घाटाची फरशी चांगली सपाट असते (गच्ची पण चालेल).

सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक बोटाने घट्ट दाबा आणि वर्तुळ काढा. केंद्र म, त्यातून जाणारा व्यास अब. आता अ आणि ब सोडून वर्तुळावर कुठंही क घ्या, अक आणि बक जोडा, क पाशी गवंड्याचा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघा. फिट्ट बसतो! भाची म्हणाली झालं की सिद्ध. नाही ना बाई, हे एका क चं झालं, बाकीच्यांचं काय?

मग मक ओढा. मअ, मब, मक तिन्ही त्रिज्या, म्हणजे दोन समद्विभुज त्रिकोण. अ पाशी जो कोन य, तोच क पाशी, ब पाशी र, तोही क पाशी. म्हणजे क चा कोन य+र. मोठ्या त्रिकोणाची बेरीज य+र+(य+र)=१८०, म्हणून य+र=९०. गुण्याची गरजच नाही.

हे श्रेय परंपरेने मिलेटस या प्राचीन ग्रीक शहरातल्या थेलीसला देतात, इ.स.पू. सहावं शतक. पुढे इ.स.पू. ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकात ३१ वं प्रमेय म्हणून घातलं.

प्रत्येक ओळीला 'कशावरून?' विचारा. समद्विभुजवालं कशावरून? पहिल्या पुस्तकातलं ५ वं. बेरीजवालं? तिथलंच ३२ वं, फक्त युक्लिड १८० म्हणत नाही, 'दोन काटकोन' म्हणतो.