सामान कमी केलं, पण फाउंटन पेनं ठेवली, ती कशी

घरातलं सामान कमी करायला घेतलं तेव्हा सगळ्यात अवघड गेलं ते फाउंटन पेनांचं कलेक्शन, बाकीचं देऊन टाकताना काही वाटलं नाही पण पेन हातात घेतलं की सोडवेना. मग ठरवलं की पेनं काढायची नाहीत, त्यांना जागा ठरवून द्यायची. एकच डबा, त्यात मावतील तेवढीच, आणि नवीन आलं की एक जुनं कुणातरी लिहिणाऱ्याला द्यायचं.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्या नियमाने, एकावेळी फक्त तीनच पेनांत शाई. बाकीची धुऊन, कोरडी करून रिकामी ठेवायची, कारण शाई भरलेलं पेन पडून राहिलं की शाईतलं पाणी उडून जातं, फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांत रंग सुकतो आणि मग पेन अडखळतं नाहीतर लिहितच नाही. धुताना साधं गार पाणी घ्यायचं, गरम अजिबात नको, आणि कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून घेणारी छोटी नळी) आत-बाहेर करत राहायचं पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग निब खाली करून टिश्यूवर रात्रभर. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन असेल तर उन्हापासून लांब ठेवा आणि पाण्यात बुडवून ठेवू नका, रंग उडतो, हे खूप जणांना माहीतच नसतं.

शाई संपली की पुढच्या पेनाची पाळी, आणि पाळी येऊनही जे भरावंसं वाटत नाही ते द्यायचं, मला तरी हा निकष आकडे मोजण्यापेक्षा जास्त पटतो. शाईच्या बाटल्यांनाही आता हेच लावलंय, उघडलेली संपल्याशिवाय नवीन नाही.